हॅचबॅक घेऊ की डिकीवाली? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना डोक्यात राहील. आपल्याकडे सात-आठ लाखांत मिळणारी हॅचबॅक आणि त्यात थोडे पैसे घालून मिळणारी छोटी सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली, ही बऱ्याचदा एकच गाडी असते. स्विफ्ट आणि डिझायर, ग्रँड आयटेन निऑस आणि ऑरा, टियागो आणि टिगोर. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, स्टिअरिंगसमोर बसलात तर बऱ्याच ठिकाणी डॅशबोर्डपण जवळजवळ तोच. त्यामुळे जास्तीचे पैसे मागच्या सीटचे आणि डिकीचे आहेत, आणि या दोन गोष्टी तुमच्या घरात खरंच वापरल्या जाणारेत का एवढंच बघायचंय. बाकी सगळं शोरूममधल्या चहासोबतचं बोलणं.

दोन्हीत नेमका फरक काय? फक्त डिकीच ना?

बऱ्यापैकी हो. स्विफ्टची लांबी ३८६० मिलिमीटर, डिझायरची ३९९५. फरक १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. आणि पुढचं चाक ते मागचं चाक हे अंतर दोन्हीत २४५०, म्हणजे वाढलेली लांबी सगळी मागच्या चाकाच्या मागे गेलीये, माणसं बसतात तिथे नाही. सेडान घेतली की पाय पसरायला खूप जागा मिळेल असं समजून जे जातात त्यांनी आधी मागे बसून बघावं.

डिकीचे आकडे मात्र बोलके आहेत. स्विफ्ट २६५ लिटर, डिझायर ३८२. निऑस २६०, ऑरा ४०२. टियागो २४२ आणि टिगोर ४१९, इथे तर फरक सगळ्यात जास्त.

पण लिटरवरून सगळं कळत नाही. सेडानची डिकी खोल असते पण तोंड लहान, आणि डिझायरसारख्या गाडीत मागची सीट फोल्डच होत नाही. त्यामुळे दोन मोठ्या बॅगा, तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या आरामात जातात, पण सायकल, कुलर, लहान फ्रिज, सोसायटी बदलताना टीव्हीचा खोका, यातलं काही जात नाही. हॅचबॅकला मागचं अख्खं दार काचेसकट वर उचललं जातं, सीट पाडली की छोटा टेम्पोच होतो. सामान कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं, किती आहे त्यावर नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. सेडानची डिकी बसायच्या जागेपासून वेगळी असते. कोकणातून येताना सुकट, बोंबील आणणाऱ्या घरांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल. हॅचबॅकमध्ये तो वास वडखळपासून थेट ठाण्यापर्यंत सगळ्यांसोबत प्रवास करतो.

या छोट्या सेडान अशा शेपूट कापल्यासारख्या का दिसतात?

करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांची एक्साइज ड्युटी २४ वरून १६ टक्के केली, आणि लहान गाडी कोणती तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. टाटांनी लगेच ओळखलं आणि २००८ ला इंडिगो सीएस आणली, चार मीटरच्या आत बसवलेली आपली पहिली सेडान. पहिली स्विफ्ट डिझायर त्याच वर्षी आली पण ती ४१६० मिलिमीटरची होती, म्हणून २०१२ च्या नव्या डिझायरची डिकी छाटून ३९९५ वर आणली. मग २०१३ ला अमेझ, २०१४ ला एक्सेंट, २०१७ ला टिगोर, २०२० ला ऑरा, सगळ्या त्याच मापात.

हे अजून संपलेलं नाहीये. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाला (आधी पेट्रोलला २८ आणि वर १ टक्का सेस होता) आणि मापाबाहेरच्यांना ४० टक्के. म्हणजे चार मीटरची ती रेघ आता आणखीनच महाग पडते. बाहेरून बघताना डिकी चिकटवल्यासारखी वाटली तर त्याचं कारण डिझायनर नाही, सरकारी व्याख्या आहे. नवी डिझायर आणि नवी अमेझ त्या मानाने बऱ्याच सुबक झाल्यात, हे मान्य करायला हवं.

ऑनरोड किती जास्त जातात?

एकाच कंपनीचं तेच व्हेरियंट धरलं तर एक्स-शोरूममध्ये साधारण ५० ते ९० हजारांचा फरक असतो, मॉडेल आणि ऑफर बघून कमीजास्त. आपण ७० हजार धरू. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या ७० हजारांवर अजून ७,७०० गेले. इन्शुरन्समधला थर्ड पार्टीचा भाग दोघांना सारखाच, कारण तो सीसीवर ठरतो आणि दोन्ही १००० ते १५०० च्या खान्यात आहेत. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर असतो, तो किंचित वाढतो. एकूण धरा ८० हजार.

आता हे ८० हजार लोनमध्ये टाकले तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता अंदाजे १,६६० रुपयांनी वाढतो. सात वर्षं केलीत तर १,२९० च्या आसपास, पण शेवटी भरता १ लाख ८ हजार. सेल्समन कायम दुसरा आकडा सांगतो आणि 'सर महिन्याला फक्त बाराशे-तेराशेच वाढतायत' म्हणतो, तेव्हा मनात पहिला आकडा धरून ठेवा. सात वर्षांचं लोन घेऊन डिकी घेणं मला तरी पटत नाही.

कंपनीच्या नावावर गाडी घ्यायची असेल तर रोड टॅक्स सरळ २० टक्के लागतो, ते आधी सीएशी बोलून घ्या, बुकिंग झाल्यावर नाही.

मायलेज कुणाचं जास्त?

हा प्रश्न लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर सगळ्यात कंटाळवाणं आहे. कंपनीच्या आकड्यात स्विफ्ट मॅन्युअल २४.८० आणि डिझायर मॅन्युअल २४.७९. झालं समाधान?

प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून १५ ते १८ मिळतं, हायवेला ९० च्या स्पीडने गेलात तर २० च्या वर, आणि हे दोन्ही गाड्यांना लागू. टायरमध्ये हवा कमी असणं, विनाकारण पहिल्या-दुसऱ्या गिअरला रेस करणं, यानं जेवढं मायलेज पडतं तेवढं डिकीच्या वजनाने कधीच पडत नाही. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे त्याने थोडं खाली येतं, तेपण दोघांना सारखंच. महिन्याला हजार किलोमीटर, १७ चं मायलेज, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सहा हजारांच्या आसपास खर्च, आणि त्यात हॅचबॅक की सेडान याचा काही संबंध नाही.

घरात आजी-आजोबा आहेत, त्यांना कुठली सोयीची?

इथे थोडं थांबतो कारण बहुतेक घरांत गाडीचा निर्णय खरंतर इथेच व्हायला हवा, आणि नेमकी ही गोष्ट कुणी बघत नाही. सगळे पुढे बसून टेस्ट ड्राइव्ह घेतात, आजी घरी.

सेडानच्या बाजूचं आधी. मागची पाठ जास्त कललेली असते, वरच्या व्हेरियंटला मध्ये हात ठेवायला आर्मरेस्ट मिळतो, सस्पेन्शन जरा मऊ ठेवलेलं असतं, आणि डिकी वेगळी असल्यामुळे मागच्या चाकांचा आवाज कमी येतो. पुण्याहून कोल्हापूरला जायचं तर मागे बसलेल्याला हा फरक नक्की कळतो. मागचे एसी व्हेंट्स हवेतच, नाहीतर मे महिन्यात सोलापूरकडे जाताना पुढे थंडी आणि मागे भट्टी असा प्रकार होतो. स्विफ्टमध्येही आता ते मिळतात, डिझायरमध्ये आहेतच, पण बेस व्हेरियंटला आहेत का ते प्रत्यक्ष गाडीत बघून घ्या, यादीवर विसंबू नका.

आता विरुद्ध बाजू. सेडानचं छप्पर मागे उतरत जातं, त्यामुळे आत शिरताना डोकं वाकवावं लागतं, आणि सीट खाली असते म्हणजे बसताना धपकन आणि उठताना गुडघ्यांवर जोर. हॅचबॅकमध्येही सीट फार उंच नसते पण मागच्या दाराची चौकट जरा सरळ असते. गुडघ्यांचं दुखणं असेल तर खरंतर या दोन्ही सोडून वॅगनआरसारखी उभट गाडी बघा, त्यात माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. दिसायला कशी का असेना.

तर सरळ उपाय, आजींना शोरूममध्ये न्या. रोज नेसतात तीच साडी, नऊवारी तर नऊवारी, आणि त्यांना कुणीही हात न देता आत बसायला आणि उतरायला सांगा. लगेच कळतं.

सीएनजी घ्यायचीये, मग?

मग सेडानकडे माझं मत जातं, आणि बऱ्यापैकी ठामपणे. साध्या एका सिलिंडरची फॅक्टरी फिटेड सीएनजी हॅचबॅक म्हणजे डिकी संपलीच समजा, उरतं ते छत्री, पंक्चर किट आणि दोन पिशव्या. सेडानमध्ये सिलिंडर बसून वर दोन लहान बॅगांची सोय उरते. गणपतीला चौघं जण गावी जाणार आणि सामान मांडीवर घेणार, हे पहिल्या वर्षी गंमत म्हणून होतं, पुढच्या वर्षी भांडण होतं.

यावर टाटांनी चांगला उपाय काढलाय, एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाला झोपवून वरून फळी. अल्ट्रोझ, टियागो, टिगोर तिन्हीत आहे. सीएनजी हवी, हॅचबॅकच हवी आणि डिकीही हवी असेल तर ती नक्की बघा. आणि सीएनजीत ऑटोमॅटिक हवी असेल तर टियागो-टिगोरमध्ये २०२४ पासून एएमटीही मिळते.

पण सीएनजीचं बाकीचं गणितही बघा. स्विफ्ट किंवा डिझायर पेट्रोलवर ८२ पीएस ताकद देते, सीएनजीवर ७० च्या आसपास. सपाट रस्त्याला काही वाटत नाही, पण आंबा घाटात एसी लावून चौघं असताना गिअर सारखा खाली घ्यावा लागतो. पंपावरची रांग हे रोजचं काम होतं, पुण्यात लोक रात्री जेवून रांगेत उभे राहतात. कोकणात आत गेलात की पंप विरळ होतात, तिथे पेट्रोलच जाळावं लागतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते, तारीख उलटली तर पंपवाला गॅस भरायला नाही म्हणू शकतो. रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे, जुलै २०२५ पासून एक टक्का वाढला तरी अजून कमीच. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर रनिंग असेल तर घ्या, सहाशे-सातशे असेल तर एवढा उपद्व्याप कशाला.

आमच्या सोसायटीत पार्किंग टाइट आहे. सेडान मावेल का?

वीतभराहून कमी फरक आहे, त्यामुळे मावण्या न मावण्याचा प्रश्न क्वचितच येतो. टर्निंग रेडियस स्विफ्ट आणि डिझायर दोघांचा ४.८ मीटर. पण रोजच्या वापरात काही गोष्टी जाणवतात. हॅचबॅकची काच संपली की गाडी संपली, त्यामुळे रिव्हर्स घेताना अंदाज पटकन येतो, सेडानची डिकी मागे कुठे संपते ते दिसत नाही. सेन्सर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना सक्तीचे आहेत म्हणून तेवढी भीती नाही, तरी कॅमेरा घ्याच.

आणि उलटी गोष्ट, हॅचबॅकचं मागचं दार वर उघडायला मागे जागा लागते. भिंतीला टेकवून लावली तर सामान काढताना गाडी पुढे घ्यावी लागते. पझल पार्किंगमध्ये, म्हणजे जिथे गाडीवर गाडी चढते तिथे, वरचं छत कमी उंचीचं असेल तर ते दार छताला आपटतं. बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. सदाशिव, नारायण पेठेतल्या बोळात राहत असाल तर लांबीपेक्षा रुंदी मोजा, अडतं ते तिथे.

डिझायर घेतली की लोक टॅक्सी समजतात म्हणे?

समजतात, खोटं कशाला बोलू. मारुती हीच गाडी टॅक्सीवाल्यांना टूर एस नावाने विकते, ह्युंदाईची एक्सेंट प्राइम होती, आणि एअरपोर्टबाहेर उभं राहिलं की पांढऱ्या छोट्या सेडानची रांग दिसते. लग्नाच्या हॉलबाहेर एखादे काका येऊन 'कात्रज सोडणार का' विचारतील, होतं असं. पांढरा रंग सोडून दुसरा घ्या, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेलं नंबर प्लेट सांगते, टॅक्सीची पिवळी असते.

पण जरा विचार करा, टॅक्सीवाले तीच गाडी का घेतात? दिवसभर चालते, खर्च कमी, पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात, मागे पॅसेंजर कुरकुर करत नाही आणि बॅगा मावतात. तुम्हालाही घरच्यासाठी यातलंच हवंय ना. आणि हॅचबॅक तरी टॅक्सी नाही असं कुठंय, मुंबईत २०२३ ला जुनी पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली तेव्हा काळ्या-पिवळ्या रंगात सँट्रो आणि वॅगनआर केव्हाच फिरत होत्या.

जुनी सेडान घेताना मात्र हा मुद्दा गंभीर आहे. पांढऱ्या प्लेटवर असूनही गाडी भाड्याने फिरलेली असू शकते. मीटर कमी दाखवत असेल आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, ड्रायव्हर सीटची कड फाटली असेल, मागच्या दाराचं हँडल सैल असेल, तर समजून जा. घरगुती गाडीचं मागचं दार एवढं उघडबंद होत नाही.

घाटात आणि हायवेला सेडान जास्त स्टेबल असते ना?

मोठ्या सेडान असतात. या छोट्या भावंडांमध्ये मला तरी सांगण्यासारखा फरक वाटत नाही. चाकांमधलं अंतर तेच किंवा जवळजवळ तेच, इंजिन तेच, टायरचं मापही बऱ्याचदा तेच.

फरक पडतो तो भरलेल्या गाडीत. पाच माणसं आणि डिकी गच्च असेल तर सेडानमध्ये सामानाचं सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं, पार्श्वभाग बसतो, आणि १६३ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, कागदावरच राहतो. गावाकडचे स्पीड ब्रेकर तुम्हाला माहितीयेत, गावकऱ्यांनी स्वतः टाकलेले, ना रंग ना बोर्ड, तिथे 'खर्रर्र' होतंच. तिरकी घ्या, हळू घ्या.

समृद्धी महामार्गाचं वेगळं. ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला, आणि कारला १२० ची मर्यादा. एवढी सलग सिमेंटच्या रस्त्यावर गाडी पळते तेव्हा टायर तापतात. निघण्याआधी थंड टायरला हवा बघणं हे गाडीच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला मर्यादा १०० आहे, घाटात ६०, आणि आता कॅमेरे आहेत, चलान घरी पोचायच्या आत मोबाईलवर.

एएमटी घेतली असेल तर घाटात मॅन्युअल मोडला टाका. नाहीतर चढावर कुठला गिअर टाकू या विचारात गाडी दोन सेकंद गप्प राहते आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवतो.

सेफ्टीला कुठली?

आकारावरून ठरवू नका, मॉडेलवरून ठरवा. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आपटून बघणाऱ्या संस्थेच्या चाचणीत, मोठ्या माणसांसाठी पाच तारे मिळाले, मारुतीला पाच तारे ही तेव्हा मोठी बातमी होती. अल्ट्रोझला २०२० लाच पाच होते, टियागो-टिगोरला त्याच वर्षी चार. पण एका गाडीचे तारे तिच्या भावंडाला आपोआप लागत नाहीत, डिझायरचे पाच म्हणजे स्विफ्टचे पाच असं शोरूममध्ये कुणी म्हणालं तर स्विफ्टचा रिपोर्ट दाखवा म्हणावं. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप आहे, तिथे मॉडेलवार निकाल मिळतात.

सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आता नव्या स्विफ्ट-डिझायरमध्ये बेसपासून आहेत. मागून धडक बसली तर सेडानमध्ये मागे बसलेल्याच्या पाठीमागे डिकीची जागा असते हे तर्काला धरून आहे, पण ते तारे समोरच्या आणि बाजूच्या धडकेवर मिळतात, मागच्या नाही.

आणि मागचे बेल्ट लावा. सायरस मिस्त्रींचा २०२२ ला पालघरजवळ अपघात झाला तेव्हा महिनाभर सगळ्यांनी लावले, मग परत सीट कव्हरखाली गेले. नवीन कव्हर घालताना बेल्टची बकलं बाहेर ठेवायला सांगा, दुकानदार हमखास आत दाबतात.

बेस सेडान घेऊ की त्याच पैशात मधली हॅचबॅक?

मधली हॅचबॅक. बेस सेडानमध्ये डिकी मिळते, पण म्युझिक सिस्टिम, मागच्या पॉवर विंडो, कॅमेरा यातलं बरंच काही नसतं आणि मग ते बाहेरून बसवत बसायचं, वायर कापली की वॉरंटीची कटकट. फक्त हॅचबॅक घेताना मागचा वायपर आहे ना ते बघा. सरळ पाठीच्या गाडीमागे हवा भोवरा करते आणि पावसात सगळा चिखल काचेवर बसतो, जुलैमध्ये ताम्हिणीत वायपर नसेल तर मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. सेडानची काच तिरकी आणि डिकीच्या वर असते, तिला त्याची तेवढी गरज लागत नाही.

बलेनो, अल्ट्रोझ, आयट्वेंटी यांचं काय?

हा तिसरा रस्ता आहे आणि बऱ्याच जणांसाठी मला हाच बरोबर वाटतो. बलेनो ३९९० मिलिमीटरची, म्हणजे डिझायरएवढीच लांब, पण चाकांमधलं अंतर २५२०. वाढीव लांबी डिकीला न देता माणसांना दिलीये. डिकी तरी ३१८ लिटर आहे, अल्ट्रोझची ३४५. पैसे डिझायरच्याच आसपास. सीएनजी नको, पोती आणायची नाहीत, मागे बसणारे उंच आहेत, तर ही घ्या. अल्ट्रोझची दारं जवळजवळ ९० अंशात उघडतात, लहान मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवताना ते किती कामाचं आहे ते कंबरेलाच विचारा. पार्किंगमध्ये शेजारच्याला विचारा, तो वेगळं सांगेल.

मग टाटांची पंचच का घेऊ नये?

घ्या की. डिकी ३६६ लिटर, बसायला उंच, २०२४ मध्ये देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती ती. पण तेवढ्याच पैशात इंजिनची मजा आणि हायवेचा आराम मला बलेनो-डिझायरमध्ये जास्त वाटतो. रस्ता खराब असेल तर पंच.

आठ लाखांत जुनी होंडा सिटी किंवा ह्युंदाई वेर्ना येते, ती घेऊ का?

खरी सेडान म्हणजे तीच, ५०० लिटरची डिकी, मागे राजासारखं बसणं. मोह होतो. पण गाडी जुनी झाली तरी तिचे पार्ट, टायर, इन्शुरन्स मोठ्या गाडीच्याच भावाने येतात. सर्व्हिस हिस्टरी पूर्ण असेल, एका मालकाची असेल, आणि वर लाखभर रुपये हाताशी ठेवून घेत असाल तर जरूर घ्या. कागदात मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, आणि लोन असेल तर बँकेची एनओसी आणि लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसी नावावर होईपर्यंत विकणाऱ्याशी गोड बोला.

विकताना कुणाला भाव जास्त येतो?

माझ्या बघण्यात पेट्रोल हॅचबॅक पटकन जाते, कारण पहिली गाडी घेणारे, शिकणारे, घरातली दुसरी गाडी बघणारे सगळे तीच शोधतात. सेडानला गिऱ्हाईक मिळतं, पण ते आधी तिचा रंग विचारतं आणि मग 'भाड्याला होती का' विचारतं. नवीन घेताना दिलेले जास्तीचे पैसे विकताना पूर्ण परत येतील अशी आशा ठेवू नका, थोडेफार येतात.

दादा, शोरूममध्ये फसू नये म्हणून काय बघायचं?

कोटेशन लेखी घ्या, प्रत्येक ओळ वेगळी. 'हँडलिंग चार्जेस' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. ॲक्सेसरी किट सक्तीचं असं काही नसतं. इन्शुरन्स तिथूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेरून कोटेशन आणलं की त्यांचाही आकडा कसा खाली येतो बघा. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदमच घ्यावी लागते, तेवढं मात्र खरं आहे.

पाडवा, दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर आधीच बुक करा, आणि त्या दिवशी सूट मागू नका, मिळत नाही, कारण सगळं गाव तिथेच हार-पेढे घेऊन उभं असतं. डिसेंबरमध्ये ऑफर चांगल्या येतात, पण जानेवारी उजाडला की तुमची गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर काही बिघडत नाही, तीन वर्षांत विकणार असाल तर नको.

पासिंगच्या आधी, म्हणजे नंबर पडायच्या आधी, यार्डात जाऊन गाडी दिवसाच्या उजेडात बघा. चासिस नंबर, उत्पादनाचा महिना, टायरवरची तारीख, स्टेपनी आणि जॅक आहे का, दारांच्या कडांना रंगाचा फरक, मीटरवर किती किलोमीटर. एकदा आरटीओत नोंद झाली की बदलून मागायला फार उशीर झालेला असतो.